कथकचा टनामागे भाव काय?

जालन्याच्या एमआयडीसीत हल्ली कोणत्याही समारंभात शिक्षणावर बोलायची टूम निघाली आहे. सळईच्या भावावर बोललं तर भांडणं होतात, वीजबिलावर बोललं तर रडू येतं. शिक्षणावर मात्र कुणीही कितीही वेळ बोलू शकतो. अशाच एका व्यासपीठावरून एका सद्गृहस्थांनी खासगी विद्यापीठांतल्या संशोधनाची हजेरी घेतली. हातात विषयांची यादी होती. ते एकेक विषय वाचत होते आणि सभागृह हसत होतं. कथकमधल्या हस्तमुद्रा: हशा. ताऱ्यांच्या प्रकाशाची मोजणी: हशा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांची शाळा: जरा कमी हशा. कपाशीवरची कीड आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, कारण पुढच्या रांगेत बियाणेवाले बसले होते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खासगी विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या फीवर चालतं. फी भरणाऱ्याला नोकरी हवी, नोकरी देणाऱ्याला उपयोगाचं ज्ञान हवं. तेव्हा जालन्याच्या पंचक्रोशीतल्या विद्यापीठांनी पोलाद आणि बियाणं एवढ्यावरच डोकं चालवावं. बाकीची हौस ज्याने त्याने घरी करावी. इतके विषय म्हणजे संशोधनाचा विस्तार नव्हे, पसारा.

कोणत्या विद्यापीठाची यादी, हे त्यांनी सांगितलं नाही. पण रोख कुठे होता हे न कळण्याइतकी सभा भोळी नव्हती. साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला एमजीएम विद्यापीठ आहे. ते २०१९ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालं. मराठवाड्यातलं पहिलं खासगी विद्यापीठ. त्याच आवारात अभियांत्रिकी आहे, आकाशनिरीक्षणाचं केंद्र आहे आणि १९९६ पासून चालू असलेलं महागामी हे नृत्याचं गुरुकुलही आहे. म्हणजे वक्त्यांना जो पसारा खुपतो तो सगळा एका कुंपणात.

महागामी दरवर्षी शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवतं. हा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला यादवराजा सिंघणाच्या दरबारी होता. 'संगीतरत्नाकर' हा त्याचा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरांना आजही प्रमाण आहे. त्याचा शेवटचा अध्याय नृत्यावर आहे. पण वक्त्यांना खरी आवडावी अशी गोष्ट वेगळीच आहे. शार्ङ्गदेवाची दरबारातली नोकरी हिशेबाची होती. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने नाचावर लिहिलं, स्वरांवर लिहिलं, आणि स्वर उमटतो तो शरीरातून म्हणून त्याच ग्रंथात गर्भात शरीर कसं घडतं तेही लिहिलं. सिंघणाने त्याला बोलावून 'हौस बंद करा' असं सुनावल्याची नोंद नाही. त्या राजाच्या राज्यात एमआयडीसी नव्हती, हे त्याचं भाग्य.

आता बियाण्याकडे वळतो, कारण वक्त्यांचा सगळा भर 'उपयोग' या शब्दावर होता आणि जालन्यात उपयोगाचं उदाहरण म्हटलं की बोट बियाण्याकडेच जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ च्या मार्चमध्ये देशात बीटी कपाशीच्या पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली, ती तिन्ही महिकोची. जालन्याला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या वाणांतला 'बीटी' आला कुठून? बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं लघुरूप. तो जिवाणू १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना सापडला. ते कपाशीवर काम करत नव्हते; रेशमाचे किडे कशाने मरतात ते शोधत होते. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तोच जिवाणू थुरिंजिया प्रांतातल्या एका पीठगिरणीतून आलेल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि प्रांताचं नाव जिवाणूला चिकटलं. बेल्जियममधल्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक तंबाखूच्या रोपात बसवलं तोवर १९८० चं दशक उजाडलं होतं. त्यानंतर कपाशी, त्यानंतर जालना.

आमच्या सद्गृहस्थांना १९०१ साली टोकियोत बसवा. समोर इशिवातांचा अर्ज आहे: आजारी किड्यांच्या पोटात काय असतं ते पाहायचं आहे. जवळच्या लोखंडी कारखान्याला याचा उपयोग काय, असं विचारून त्यांनी तो अर्ज परत पाठवला असता. पीठगिरणीतल्या पतंगाचं तर नावच काढू नका. रेशीम ते कपाशी या वाटेला शंभर वर्षं लागली, आणि आमचे हिशेबनीस मार्चअखेरच्या ताळेबंदात त्याचं उत्तर मागतात! गंमत म्हणजे त्याच जालन्यात आज बाजार समितीत रेशीम कोषांचे सौदे होतात. ज्या जिवाणूने जपानी किडे मारले त्याचंच जनुक शेजारच्या शेतातली कपाशी राखतं, आणि त्याच्या फवाऱ्यापासून तुतीवाल्याला आपले किडे आजही जपावे लागतात. कोणता विषय उपयोगाचा, हे आधीच लिहून ठेवणारा ज्योतिषी कुणाला माहीत असेल तर कळवावं. मीही जाईन.

बीटीवरून आमच्या मित्रमंडळात वर्षानुवर्षं वाजलं आहे. एका बाजूला ते बियाणं म्हणजे अमृत, दुसऱ्या बाजूला विष. दोन्ही बाजूंना एका गोष्टीचं वावडं होतं, ते म्हणजे शेतात जाऊन मोजणं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानलं नाही, तेव्हा दोन्ही पक्ष म्हणाले, 'आम्ही म्हणत होतोच.' अळीला प्रतिकारशक्ती का येते, ती रोखायला बांधावर लावायच्या बिगर-बीटी कपाशीच्या ओळी शेतकरी का लावत नव्हता, दुकानदार त्याला काय सांगत होता, हे प्रश्न कीटकशास्त्राचे आहेत तितकेच समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे. दोन विषयांचं विद्यापीठ यातला निम्माच प्रश्न पाहील, आणि निम्मं पाहणं काय असतं ते आपण कपाशीत पाहिलं आहे.

अशा 'पसाऱ्या'त पुरातत्त्वही धरलं जातं, म्हणून त्याबद्दल एकच गोष्ट. याच जिल्ह्यात भोकरदनला १९७० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा दूर इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती पुतळीशी मिळतीजुळती मूर्ती निघाली. ड्रायपोर्टमुळे जालना पहिल्यांदाच जगाच्या नकाशावर येतंय म्हणणाऱ्यांनी ती आठवावी.

फीचा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो. पण ज्यांना तो सुचला त्यांना त्याच फीतून होणाऱ्या स्वागतकमानी आणि जाहिरातींचे फलक कधी खुपले नाहीत.

खरा मुद्दा वेगळाच आहे. 'उपयोग' म्हणताना उपयोग कुणाचा, हे कुणी बोलत नाही. पोलादाचंच घ्या. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला आतून सिलिकायुक्त रॅमिंग मासचं अस्तर लावतात. ते झिजलं की फोडायचं आणि पुन्हा ठोकून बसवायचं. त्या धुळीत काम करणारा माणूस बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला, ठेकेदाराचा. ती धूळ त्याच्या फुप्फुसाचं काय करते, वितळलेलं लोखंड उडालं तर दवाखाना किती लांब आहे, त्याची मुलं कोणत्या भाषेतल्या शाळेत जातात, हे पोलादावरचंच संशोधन आहे. फक्त ते मालकाच्या कामाचं नाही. सभागृह ज्या विषयावर थोडं कमी हसलं तो हाच. कमी का हसलं, ते ज्याचं त्याने ओळखावं.

मग आम्हाला हवं तरी काय? यादी फुगवणारी विद्यापीठं आहेत, पैसे घेऊन छापून देणारी नियतकालिकं आहेत, हे मान्य. पण हा रोग नृत्याचा नाही. भट्टीवरचे प्रबंधही तितकेच पोकळ निघू शकतात. उपाय विषय कमी करण्यात नाही, काम तपासण्यात आहे. प्रत्येक प्रबंधाचं चार पानी मराठी सार लोकांपुढे ठेवावं, मोजमापं खुली ठेवावीत. खासगी विद्यापीठाला नवा विषय सुरू करायला सरकारी पदमंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ती मोकळीक त्याने वापरावी: धातुशास्त्राचा विद्यार्थी आणि समाजकार्याचा विद्यार्थी एकाच भट्टीवर एकाच महिन्यात पाठवावेत. मोसंबीची गळ, रेशमाचे कोष, कुंडलिका नदीचं पाणी यांच्यावरही अशा जोड्या लावता येतील.

आणि उद्योजकांनी काय करावं? जालन्याच्या पोलादावर संशोधन होत नाही म्हणून हळहळणाऱ्यांच्याच गेटवर विद्यार्थ्याला 'साहेब बाहेरगावी गेलेत' हे उत्तर मिळतं. हीटची, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याची, नोंदवही दाखवत नाहीत, विजेचं रीडिंग देत नाहीत, कामगाराशी बोलू देत नाहीत. वर भाषणात विचारतात की विद्यापीठ आमच्यासाठी करतं काय. तेव्हा त्या यादीवर हसलेल्या मालकांना एवढीच विनंती आहे: पुढच्या भाषणाआधी चौकीदाराला सांगून ठेवा, विद्यापीठाचं पत्र घेऊन कुणी आलं तर आत सोडायचं, मग तो कोणत्याही विभागाचा असो.