मुलांस द्यावयाच्या भेटी

दिवाळी समीप आली म्हणजे तालुक्याच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानांपुढे जी दाटी होते, तीत आपण शेतकरी मंडळी शहरवासीयांच्या मागे नसतो. पीक बरे आले असेल तर मोठी मोटार, बेताचे आले असेल तर लहान. परंतु मूल हिरमुसू नये एवढे काहीतरी घेऊनच आपण घरी परततो. ह्यात वावगे काही नाही. बालकाचा आनंद हा जमाखर्चाचा विषय करू नये, हे मलाही कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या घराच्या मागे विहीर, बांधावर साप, गोठ्यात विजेचा स्टार्टर व हाकेच्या अंतरावर शेततळे आहे, त्या घरातील मुलास वर्षातून एक तरी भेट अशी मिळावी की जी संकटसमयी त्याच्या हाती उपयोगी पडेल. आणि ती त्याच्या वयास साजेशी असावी.

हा विषय सुचण्याचे कारण सांगितले पाहिजे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता अपघाती मृत्यूंचे पंचनामे माझ्या टेबलावरून जात असत. कागद पुष्कळ वाचले की मन निबर होते असे म्हणतात. तथापि एक प्रकरण मनातून गेले नाही. गावाचे नाव देत नाही. शेततळ्याच्या काठी खेळत असता ९ वर्षांचा मुलगा घसरून पाण्यात पडला. त्याची १३ वर्षांची बहीण विहिरीत पोहण्यास शिकलेली होती. तिने तत्काळ उडी टाकली. दोघेही वर आले नाहीत. विहिरीस निदान पायऱ्या अथवा कपार असते. शेततळ्यास तळापासून काठापर्यंत ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिक अंथरलेले, त्यावर शेवाळ धरलेले, आणि काठ चारी बाजूंनी उतरता. तेथे मोठ्या माणसाचा पाय टिकत नाही, मग मुलांची काय कथा! पंचनाम्यात असेही लिहिले होते की, तळ्यापासून वीस पावलांवरील गोठ्यात नायलॉनचा दोर होता व त्याने कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृताच्या वारसांस २ लक्ष रुपये मिळतात, हे आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. तीत वयाची अट १० ते ७५ वर्षे अशी आहे. म्हणून त्या घरातील दोन मृत्यूंपैकी एकाचाच अर्ज होण्याजोगा होता. मुलाच्या बापाने कचेरीत येऊन एकदाच विचारले, “आणि धाकट्याचे?” मी नियम वाचून दाखविला. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु तेव्हापासून कोणाच्या घरी मुलास भेट न्यावयाची झाली की मला तो दोर आठवतो.

तो दोर घरात होता, पण तो मुलांचा नव्हता. माझ्या मते सर्व गोष्ट येथे येऊन ठरते. आपल्या घरी बॅटरी असते, ती कपाटात. औषधांची पेटी असते, ती फळीवर. आणि किल्ली असते घरधन्याच्या करगोट्यास. माझ्या स्वतःच्या घरी २०१९ च्या पुरात, ऐन अंधाऱ्या रात्री, कपाटातील बॅटरी काढली तेव्हा आतील सेल फुटून तिची स्प्रिंग गंजून गेलेली निघाली. तीच बॅटरी मुलाच्या मालकीची असती, तर त्याने ती रोज पेटवून पाहिली असती, फार तर सेल लवकर संपले असते. मुले वस्तूंची नासाडी करतात ही आपली तक्रार. परंतु ह्या कामी त्यांची ती खोडच उपकारक आहे.

आता वयाविषयी. अगदी तान्ह्या व रांगत्या मुलासाठी आपल्या पूर्वजांनी योग्य भेट केव्हाच शोधून ठेविली आहे. घुंगरांचे वाळे हा केवळ अलंकार नव्हे. आई चुलीपाशी असता मूल कोणीकडे गेले हे त्या आवाजावरून कळते, आणि आवाज थांबला की ती उठते. हल्ली बारशास प्लॅस्टिकची खेळणी आणणाऱ्या आत्याबाईंनी ह्याचा विचार करावा. घुंगरू मात्र पक्के जडविलेले असावे, नाहीतर ते मुलाच्या तोंडात जावयाचे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलास एक शिट्टी द्यावी. जत्रेत चुकले, उसात शिरून वाट हरवली, तर रडण्याचा आवाज फार दूर जात नाही, शिट्टीचा जातो. ती गळ्यात दोरीने अडकवू नये, फास बसण्याचे भय असते. सदऱ्याच्या खिशास शिवून टाकावी. ह्याच वयात बापाचे पूर्ण नाव, गाव व घरातील एक मोबाईल क्रमांक तोंडपाठ करून घ्यावा. ह्या भेटीस पैसा लागत नाही, म्हणूनच की काय, ती देण्याचे राहून जाते.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलास बॅटरी द्यावी, पाय झाकणारे बूट द्यावेत, आणि मी तर म्हणेन की सर्वांत आधी मच्छरदाणी द्यावी. वाचक हसतील, दिवाळीस मच्छरदाणी! परंतु मण्याराची रीत ज्यांस ठाऊक आहे ते हसणार नाहीत. नाग, घोणस व फुरसे ह्यांच्या दंशाने आग होते, सूज येते, मनुष्य ओरडत उठतो. मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर निजलेल्यास चावतो आणि दंश पुष्कळ वेळा कळतदेखील नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून रडते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि आपण त्यास ओवा चारीत बसतो. कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी ह्या सापास बाहेर ठेविते. ती खोचण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. रोज रात्री आपला किल्ला बांधण्यात त्यास मौज वाटते, असा माझा अनुभव आहे. साप चावलाच तर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे हे सर्व वर्ज्य समजावे. दंश झालेला अवयव न हालविता जेथे प्रतिविष असेल त्या सरकारी दवाखान्यात विनाविलंब न्यावे. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकण्याची सवयही ह्याच वयात लागते. विंचूदंशाविषयी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून पुष्कळांचे प्राण वाचविले, ही आपल्या महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे. परंतु औषध दवाखान्यात असते आणि विंचू बुटात.

दहा ते तेरा ह्या वयासंबंधी मात्र थोडे विस्ताराने लिहितो. ह्या वयाच्या मुलांस बळ आलेले असते, धाडस त्याहून अधिक आलेले असते, आणि सावधपणा यावयाचा असतो. ह्यांस पोहणे शिकवावेच. कमरेस वाळलेला भोपळा अथवा रिकामा डबा बांधून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, विहिरीत किंवा नदीच्या संथ पात्रात. शेततळ्यात कधीही नव्हे. परंतु पोहणे येणे निराळे आणि बुडत्यास काढणे निराळे. बुडणारा मनुष्य हातास येईल त्यास मिठी मारतो. म्हणून एकामागून एक दोघे-तिघे गेल्याची प्रकरणे होतात. मुलास हे स्पष्ट सांगावे की, पाण्यात कोणी पडल्यास आपण उडी टाकावयाची नाही. आरडाओरडा करावयाचा व दोर फेकावयाचा.

त्यासाठी त्यास त्याचा स्वतःचा दोर द्यावा. अंगठ्याएवढ्या जाडीचा, सुमारे २० मीटर लांबीचा, हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेला. म्हणजे ओला झाला तरी हातातून सुटत नाही. एका टोकास ५ लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन बूच घट्ट लावून बांधावा. त्यात तांब्याभर पाणी ठेवावे, म्हणजे तो वाऱ्याने भलतीकडे जात नाही व पाण्यावर तरंगतो. दुसरे टोक कुंपणाच्या लोखंडी खांबास बांधलेले असावे. कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकावा व दोर त्याच्या अंगावर येऊ द्यावा. ओढताना उभे न राहता खाली बसून ओढावे, नाहीतर ओढणाराच आत जातो. हे सर्व वाचून येत नाही. अंगणात एक पाटी ठेवून, तिच्या पलीकडे कॅन टाकण्याचा सराव बापाने मुलासमवेत करावा. ह्याशिवाय ज्याचे शेततळे आहे त्याने तळ्यात चारी बाजूंनी गाठींचे दोर कायमचे सोडून ठेवावेत व कुंपण पुरे करावे. ते काम मुलांवर ढकलण्याचे नव्हे.

चौदा वर्षांपुढील मुलांविषयी थोडक्यात. त्यांच्या हाती मोबाईल असतोच, म्हणून तो भेट म्हणून देण्याची गरज नाही. त्यात १०८ व ११२ हे क्रमांक आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे वीज पडण्याची सूचना देणारे साधन आहे की नाही, हे मात्र पाहावे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे, हे त्यास ठाऊक असावे. मोटारीचा मेन स्विच कोठे आहे व शॉक लागलेल्यास हात लावण्यापूर्वी तो बंद करावयाचा, हे त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. आणि भेट म्हणून एक झाकणबंद डबा द्यावा, ज्यात सात-बारा, आठ-अ, शिधापत्रिका, आधार व बँकेचे पुस्तक ह्यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील. पुरानंतर कचेरीत आलेल्या कित्येक विधवा बायांस आपला गट क्रमांक सांगता येत नसे. तो फक्त धन्यास ठाऊक होता. त्या घरी पंधरा-सोळा वर्षांची मुले होती, परंतु त्यांस कोणी कधी सांगितले नव्हते.

असल्या भेटींनी मूल भित्रे होईल, असा आक्षेप काही सुशिक्षित मित्र घेतात. माझा अनुभव उलट आहे. अंधारास भिणारे मूल बॅटरी हाती आल्यावर स्वतः होऊन गोठ्यात जाते. दुसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण वागणुकीत दिसतो. तो असा की, दोर, बॅटरी व पोहणे ही मुलग्यांची कामे होत, मुलीस बांगड्या व भातुकली पुरे. पाणी भरण्यास, धुणे धुण्यास, गुरे पाण्यावर नेण्यास मुलीस पाठवितो कोण? वर सांगितलेल्या प्रकरणात उडी टाकली ती बहिणीनेच.

गेल्या दिवाळीस माझ्या ११ वर्षांच्या नातीस मी असा दोर दिला. प्रथम ती रुसली. पहिल्या दिवशी तिचा कॅन निम्म्या अंतरावरही गेला नाही. पंधरवड्याने पाटीच्या पलीकडे जाऊ लागला. आता तो दोर तिच्या नावाने ओट्यावरील खुंटीस टांगलेला असतो. मध्यंतरी तिच्या धाकट्या भावाने तो काढून आंब्यास झोका बांधला, त्यावरून दोघांचे मोठे भांडण झाले. मी त्यात पडलो नाही. झोक्यास लागेल तेवढा दुसरा दोर मात्र त्याच आठवड्यात बाजारातून आणून दिला.