आपला माणूस आमदार झाला की जमीन मिळते का?



निवडणूक जवळ आली की पाड्यापाड्यावर एकच बोलणं ऐकू येतं. "औंदा आपलाच माणूस उभा करू. झेडपीवर होता, आता आमदार होईल. मग वनपट्ट्याचं काम झालंच समजा." हे बोलणं खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आम्ही इथे मांडतो.

उदाहरण आपल्याच आदिवासी बाईचं घेऊ. द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या, उपरबेडा गावच्या. समाज संथाळ. आधी सरकारी खात्यात कारकून, मग रायरंगपूरला शिक्षिका. १९९७ साली तिथल्या नगरपंचायतीत नगरसेविका झाल्या. तीनच वर्षांनी, २००० साली, रायरंगपूरच्या आमदार आणि मंत्रीसुद्धा. २००४ ला पुन्हा आमदार. २०१५ ला झारखंडच्या राज्यपाल, २०२२ ला देशाच्या राष्ट्रपती. आपल्यातली लेक एवढी वर गेली याचा आम्हाला अभिमान आहे.

पण जून २०२२ मध्ये त्यांचं नाव राष्ट्रपतिपदासाठी जाहीर झालं, तेव्हा त्यांच्याच उपरबेडा गावच्या एका पाड्यावर वीज नव्हती. नाव जाहीर झालं आणि मग सरकारी माणसं खांब-तारा घेऊन धावली. आम्ही हे बाईंना दोष द्यायला लिहीत नाही. माणूस वर गेला म्हणजे पाडा आपोआप वर जात नाही, एवढंच सांगतो.

असं का होतं? वॉर्डात निवडून येणाऱ्याला लोक तोंडावर ओळखतात. नळाला पाणी नाही आलं तर सकाळी दारात जाऊन विचारतात. आमदारकीला मात्र पक्षाचं तिकीट लागतं, गाड्या लागतात, पैसा लागतो. जागा आदिवासींसाठी राखीव असली तरी तिकीट कोणाला द्यायचं हे पक्ष ठरवतो. आपल्या राज्यात २८८ पैकी २५ जागा राखीव आहेत. पण निवडून गेल्यावर पक्षाचा व्हीप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, हा कायदा १९८५ पासून आहे. म्हणजे पाड्यापासून जितकं लांब, तितका दोर वरच्यांच्या हातात.

मग वर गेलेल्या माणसाचा काहीच उपयोग नाही का? आहे. तेही मुर्मूबाईंच्याच उदाहरणातून दिसतं. झारखंडमध्ये छोटानागपूरचा १९०८ चा आणि संथाळ परगण्याचा १९४९ चा कुळकायदा आदिवासींची जमीन राखतो. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने दोन्ही कायद्यांत दुरुस्ती मंजूर करून घेतली. शेतीची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची वाट त्याने मोकळी होणार होती. लोक रस्त्यावर आले. गावोगाव सभा झाल्या, राज्यपालांकडे निवेदनं गेली. २०१७ मध्ये राज्यपाल मुर्मूंनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली. सरकारला ती पुन्हा मंजूर करता आली असती, आणि मग राज्यपालांना सही करावीच लागली असती. पण लोक घरी गेले नव्हते. सरकारने विधेयकं मागे घेतली.

आता २०२३ बघा. वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. अनेक आदिवासी संघटनांनी विरोध केला, ग्रामसभेला डावललं जाईल असं बजावलं. ऑगस्टमध्ये राष्ट्रपती मुर्मूंची सही झाली. बाई त्याच. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं हे खरं. पण झारखंडसारखा रेटा आपण देशभर उभा करू शकलो नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आपला माणूस जरूर पाठवू. पण पाठवण्याआधी त्याला ग्रामसभेत बसवून विचारू.

पहिला प्रश्न झेडपीच्या कामाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, पुढे उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. जिल्हा समितीत झेडपीचे तीन सदस्य असतात, त्यातले निदान दोन आदिवासी. उपविभागीय समितीत तसेच पंचायत समितीचे तीन. आमदाराची सही या कामाला कुठेच लागत नाही. मग भाऊ, तुम्ही त्या समितीत होता का? किती बैठकांना गेलात? आमचे दावे फेटाळले तेव्हा तुम्ही काय बोललात? नसाल समितीत, तर जे होते त्यांना कधी विचारलंत का?

दुसरा प्रश्न पुढच्या कामाचा. राज्याच्या आदिवासी सल्लागार परिषदेत घटनेने रुपयातले बारा आणे जागा आदिवासी आमदारांना दिल्यात. तिथे वनजमिनीचा विषय काढणार का? आणि पक्ष एक बोलला, ग्रामसभा दुसरं बोलली, तर काय करणार?

उत्तरं ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या, तारीख टाका. जो समितीत गप्प बसला तो विधानसभेत बोलेल, असं धरून चालू नका. सही द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला मत द्यायचं का, हे ग्रामसभेनेच ठरवावं. आणि निवडून आला की सहा महिन्यांनी तीच वही घेऊन आपण सगळे त्याच्या दारात जाऊ.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!