डबीतला कापूस



  १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, म्हणून मंडळाच्या अंकातली ही जागा या वेळी मला एका प्लास्टिकच्या डबीसाठी हवी आहे.

जुलैत अमेरिकेतून गावी गेले होते, पुण्याजवळच्या वेल्ह्याला. सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण एसटीत चढल्यावर माझ्या तोंडून वेल्हंच निघतं. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. तोरणा ढगात आणि काकी दिवसभर चिखलात. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने मसाल्याच्या फळीवरून एक पांढरी डबी काढली. झाकण उघडलं, आतला कापसाचा बोळा बोटाने उपसला, एक गोळी घेतली आणि बोळा पुन्हा नीट दाबून बसवला. डबीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं. कापूस कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "वाजत्यात गं. यष्टीत पिशवी हलली का नुसता खुळखुळा. शेजारची लगेच इचारती, कसल्या गोळ्या?"

एचआयव्हीच्या गोळ्या आहेत त्या. हे लिहायची परवानगी तिने दिली आहे, एका अटीवर. ती अट शेवटी सांगते.

तात्या, म्हणजे माझे चुलते, मुंबईत माथाडी होते. आधी मशीद बंदरला, मग वाशीच्या बाजारात. गावची दहा-बारा माणसं एका खोलीत राहायची आणि शिमग्याला, जत्रेला, आवणीला घरी यायची. १९९८ साली तात्या वारले तेव्हा गाव म्हणालं टीबी. टीबी होताच. एचआयव्हीने अंगातली ताकद पोखरली की आपल्याकडे बहुधा तोच आधी गाठतो. पण टीबीच्या मागे काय होतं ते कुणी विचारलं नाही, आणि काकीला तपासून घ्या म्हणणारंही कुणी भेटलं नाही.

खरं तर तोवर पुण्यात ही गोष्ट कळून चुकली होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या, म्हणजे 'नारी'तल्या, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. १९९७ साली तो अमेरिकेतल्या 'जामा' या नियतकालिकात छापून आला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज आयुष्यात कुणाशी संबंध आला नव्हता. (हेच डॉ. गंगाखेडकर पुढे कोविडच्या दिवसांत टीव्हीवर दिसू लागले.) भोसरीपासून आमचं गाव जेमतेम काही तासांच्या अंतरावर, पण ही बातमी तिथवर पोचली नाही.

काकीची चाचणी झाली २००४च्या अखेरीस, ताप काही केल्या हटेना तेव्हा. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सरकारने एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातच होता. पण औषध सुरू करायला रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी फोर पेशी साधारण २००च्या खाली यायला हव्या होत्या. काकीच्या निघाल्या ३१०. "अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी या." असे किती सहा महिने गेले! तिने औषध सुरू केलं २००७मध्ये, चाळीस किलो वजनावर.

यात मी कुणाला दोष देत नाही. औषधं मोजकी होती, त्यांचे दुष्परिणाम बरेच होते. २००१ साली सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी वर्षभराचं औषध ३५० डॉलरला देऊ केलं होतं, तेव्हा अमेरिकेत त्याच औषधांना वर्षाला दहा हजार डॉलर पडत होते. ज्याचा जीव आज धोक्यात आहे त्याला आधी, असा तो हिशेब होता. वाईट एवढंच झालं की "अजून वेळ आहे" हे वाक्य लोकांच्या डोक्यात जाऊन बसलं. दुखत नाही ना? मग कशाला जायचं?

हा हिशेब चुकीचा ठरवणारं काम कुठून चाललं होतं? इथे अमेरिकेत, आपल्या शेजारून. चॅपल हिलच्या विद्यापीठातले डॉ. मायरन कोहेन त्याचे प्रमुख होते आणि कारभार डरॅमहून चालायचा. आपल्यापैकी निम्मे लोक रोज त्या इमारतींवरून कामाला जातात. अभ्यासाचं नाव एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक जण बाधित आणि दुसरा नाही. आणि या नऊ देशांत भारताची केंद्रं होती चेन्नई आणि पुणे, म्हणजे पुन्हा आपली भोसरी. निम्म्या जोडप्यांत औषध लगेच सुरू केलं, उरलेल्यांत सीडी फोर खाली येईपर्यंत थांबले. मे २०११मध्ये आकडे बाहेर आले. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं ज्यांच्यात सिद्ध झालं अशी २८ माणसं निघाली. त्यांतली २७ थांबलेल्या गटातली होती आणि लगेच औषध मिळालेल्या गटातला फक्त एक. पुढे युरोपातल्या जोडप्यांच्या अभ्यासांत असं दिसलं की औषधाने विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

म्हणजे वेळेवर घेतलेली गोळी घेणाऱ्यालाही वाचवते आणि त्याच्या अंथरुणातल्या माणसालाही. गरोदर बाईने घेतली तर पोटातल्या पोरालाही. औषधाविना आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, औषधाने ते पाचच्या खाली येतं. भारतात एप्रिल २०१७पासून नियमच बदलला. चाचणी पॉझिटिव्ह आली की औषध, सीडी फोर कितीही असोत. चाचणी फुकट, गोळ्या फुकट. त्याच वर्षी झालेल्या आणि २०१८च्या सप्टेंबरपासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे संमतीवाचून चाचणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही.

मग अडतं कुठे? गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या देणगीतून तालुक्यातल्या एका गावात आरोग्य शिबिर झालं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले आहेत. एचआयव्हीची चाचणीही ठेवू या, असं मी सुचवलं होतं. गावातले एक जाणते म्हणाले, "ताई, त्याचं नाव काढलं तर साखर तपासायला पण कुणी यायचं नाही." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं, फक्त कारण वेगळं. देवळाच्या मांडवात टेबलं लागली होती. रांगेतून कुणीतरी ओरडून विचारत होतं, "आण्णा, किती निघाली?" संध्याकाळपर्यंत कुणाची साखर किती ते अख्ख्या गावाला पाठ झालं होतं. अशा मांडवात ही चाचणी नकोच. तिला दार लावता येईल अशी खोली लागते, आधी बोलणारा आणि नंतरही बोलणारा समुपदेशक लागतो, आणि तिऱ्हाईत गाव असेल तर फारच बरं. वेल्ह्याची माणसं म्हणूनच थेट पुणं गाठतात. मार्गासनी, नसरापूर, कात्रज, स्वारगेट, तिथून ससून. बायकांना २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तिकिटाचं फारसं नडत नाही. खाड्याचं नडतं. आवणीत एक दिवस मोडला की इर्जिकीचं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याचं, गणित बिघडतं, आणि वर विचारणा, कुठं चालली? कोविडमध्ये दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तो काळ काकीला सुखाचा वाटला, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एवढंच ठेवलं आहे: पुढच्या शिबिरात एचआयव्हीचं टेबल नको. १०९७ हा फुकट हेल्पलाइनचा नंबर मात्र साखरेच्या, बीपीच्या, डोळ्यांच्या, सगळ्यांच्या कार्डांमागे छापू. सगळ्यांच्याच कार्डावर असला की तो कुणा एकाचा राहत नाही. शिवाय भोर-वेल्ह्यातल्या आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना, विचारू की त्यांना काय हवं आहे. आपण इथे बसून ठरवायला नको.

आता थोडं आपल्याबद्दल. तेरा ते चौसष्ट वयाच्या प्रत्येकाने एकदा तरी ही चाचणी करावी, असं इथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी २००६पासून सांगत आहे. माझ्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीत सहज विचारलं होतं, करू या का? मी फणकाऱ्याने म्हणाले, "आय ॲम मॅरीड." काकीच्या घरात वाढलेली मी! काकीसुद्धा मॅरीडच होती. चाचणी मी केली ती आणखी सहा वर्षांनी, गेल्या ऑगस्टमध्ये, जुलैतली ती डबी पाहून आल्यावर. कोलेस्टेरॉलच्याच सुईत काम झालं. मंडळातल्या चार-पाच मैत्रिणींना विचारलं, तर त्यांचीही उत्तरं माझ्या फणकाऱ्यासारखीच निघाली.

हा मजकूर मी काकीला फोनवर वाचून दाखवला. सुरुवातीला तिला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागत. मग रात्रीची एक आली, जिने चक्कर यायची आणि भलतीच स्वप्नं पडायची. आताची निवांत आहे, म्हणाली, तेही लिही. तिची अट होती नाव न घालण्याची. वाचून झाल्यावर तिने दुसरी घातली: भाताचं लिही. इंद्रायणी चांगली आली होती, पण ऐन काढणीला पावसाने लोळवली.