सोमवारचे काका

आमच्या गावातील वयोवृद्ध केशकर्तनकार गेल्या महिन्यात निवर्तले. सारे गाव त्यांना काका म्हणे. या माणसाला छंद तरी किती! भजनी मंडळात पखवाज वाजवावा, दिवाळीआधी बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील करावेत, गुलाबाची कलमे बांधावीत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जुन्या वहीत पेन्सिलीने चेहरे रेखाटावेत.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जात. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा कात्री दिसताच हात झटकीत. काकांनी कात्री पिशवीत ठेवली, समोर बसून गुडघ्यावर भजनी ठेका धरला. काही वेळाने आजोबांची बोटेही हलू लागली. त्या दिवशी एकही केस कापला गेला नाही. पुढच्या सोमवारी निम्मे डोके झाले, त्यापुढच्या सोमवारी उरलेले. अर्धवट कापलेल्या डोक्याची लाज घरच्यांना वाटली, काकांना नाही.

चेहरे रेखाटणाऱ्याची नजर निराळी असते. एका आजींच्या कानामागची न भरणारी जखम त्यांनीच प्रथम पाहिली आणि मला निरोप धाडला. तो त्वचेचा कर्करोग निघाला. वेळीच काढता आला. टाळू, मान, कानाची मागची बाजू आपल्याला आरशात दिसत नाही. केस कापणाऱ्याला दिसते, आणि त्याचे म्हणणे लोक ऐकतात. लॉस एंजेलिस परिसरातील ५२ केशकर्तनालयांपैकी काहींत औषधतज्ज्ञांनी गिऱ्हाइकांचा रक्तदाब तपासून डॉक्टरांच्या संमतीने औषधे दिली. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या घरी कुणी आजारी असेल, तर 'आता केस कशाला कापायचे' असे कृपया म्हणू नका. दर वेळी नवे पाते वापरायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास वस्तऱ्याऐवजी यंत्र बरे. डोके धुताना वृद्धांची मान बेसिनवर मागे टेकवून ताणू नये. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन क्वचित पक्षाघातही होऊ शकतो. उशीच्या आधाराने बसवून, ओल्या टॉवेलने डोके पुसले तरी पुरते.

काकांचे दुकान आता पुतण्या पाहतो. सोमवारी घरोघरी जाण्याचे त्याने मान्य केले आहे. पखवाज मात्र त्याला येत नाही. ते आजोबा सध्या त्याला ठेका शिकवीत आहेत.