काळं म्हणजे किती काळं?

घरी नवा मॉनिटर घ्यायचा ठरला की खोक्यावर एक आकडा हमखास दिसतो. कुठे १००० : १, कुठे ३००० : १, तर कुठे चक्क एक कोटी : १! हा कॉन्ट्रास्ट रेशो. पडद्यावरचं पांढरं हे काळ्याच्या किती पट उजळ आहे, त्याचं गुणोत्तर. ते घरी मोजता येतं, बरं का! त्यासाठी शटरची वेळ हाताने ठरवता येईल असा डिजिटल कॅमेरा हवा. काही मोबाइलमध्येही ही सोय असते.

तुम्ही म्हणाल, काळ्यातून कसला उजेड येणार? एलसीडी मॉनिटरमध्ये मागचा दिवा चालूच असतो. पुढचे बारीक ठिपके झडपांसारखे तो उजेड अडवतात. पण झडप कितीही घट्ट लावा, थोडा उजेड झिरपतोच. रात्री खोलीत अंधार करून काळा पडदा पाहा, तो करडा दिसेल.

मग दोन फोटो काढून त्यांच्या उजळपणाचे आकडे भागले की झालं? छे! फोटोतले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत २५५ च्या निम्मा प्रकाश १२८ नव्हे, तर सुमारे १८८ ने दाखवतात. म्हणून आपण वाण्याच्या तराजूची युक्ती करू. तराजू फक्त पारडी सारखी झाली एवढंच सांगतो, वजन आपण मापांवरून वाचतो. इथे आपली मापं म्हणजे शटरचे सेकंद.

चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक कोरं पांढरं आणि एक पूर्ण काळं चित्र बनवा. खोलीत अंधार करा. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर पडद्यासमोर सरळ ठेवा. फ्लॅश बंद. ऑटो तर अगदीच बंद, नाहीतर कॅमेरा आपलं डोकं चालवील! शटर १/५० सेकंदावर ठेवून पांढऱ्या पडद्याचा फोटो घ्या. तो मध्यम करडा येईपर्यंत छिद्राचा आकार आणि आयएसओ बदला. जमलं की या दोन्ही गोष्टींना पुन्हा हात लावायचा नाही. (शटर याहून फार जलद नको. काही मॉनिटरचा दिवा लुकलुकतो, आणि नेमका त्याचा तुकडाच फोटोत सापडायचा.)

आता काळं चित्र लावा. फक्त वेळ वाढवत जा : १ सेकंद, ५, १०... हा फोटो पहिल्याइतकाच करडा झाला की थांबा. समजा, २० सेकंद लागले. २० भागिले १/५० म्हणजे १०००. झालं तुमचं उत्तर, १००० : १!

आणि ते एक कोटी? पडदा पूर्ण काळा दिसला की काही मॉनिटर मागचा दिवाच मंद करतात, त्यामुळे आकडा फुगतो. त्यावर आपलाही डाव आहे. काळ्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा पांढरा चौकोन काढा आणि त्याच्यासमोर जाड काळा पुठ्ठा धरा. कॅमेऱ्याला चौकोन दिसत नाही, पण मॉनिटरला दिवा मंद करायची सवड सहसा मिळत नाही!

खरी गंमत पुढेच आहे. खोलीतला दिवा लावून दोन्ही फोटो पुन्हा घ्या. आकडा धाडकन खाली येईल. का, ते पाहा. पांढरं १०००, काळं १, आणि खोलीतल्या दिव्याचा पडद्यावरून परतलेला उजेड ४ असं धरू. तो दोन्हींत मिसळतो, म्हणजे १००४ भागिले ५, सुमारे २००! ओएलईडी पडद्यात काळे ठिपके पूर्ण विझतात, त्यामुळे अंधारात त्याचं गुणोत्तर मोजण्यापलीकडे जातं. पण त्याच दिव्याखाली १००४ भागिले ४, फक्त २५१.

म्हणून तिसरं मोजमाप मॉनिटर नेहमी असतो त्या टेबलावर, अभ्यासाच्या वेळचा दिवा लावून करा. मग दिवा थोडा बाजूला सरकवा आणि चौथं करा.