घरचं वर्कशॉप : राऊटर एक, कामं दोन



गेल्या अंकात सागवानी फळ्यांविषयी लिहिलं आणि लगेच विचारणा सुरू झाली, "ते सगळं ठीक, पण राऊटर कोणता घेऊ?" आधी एक खुलासा. हा शब्द उच्चारला की घरातली मुलं वाय-फायच्या डब्याकडे बघतात. आपला राऊटर तो नव्हे. आपला म्हणजे लाकडात खोबण पाडणारा, फळीच्या कडेला गोलाई देणारा, मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे घेणारा गडी.

कुवेतच्या फ्लॅटमध्ये दोन राऊटर ठेवायला जागा कुठली? एकच घ्यायचा, आणि तोच कधी हातात धरायचा, कधी टेबलाखाली उलटा टांगायचा. दुकानदार वॅट सांगतो, आपणही वॅट ऐकून खूश होतो. माझं म्हणणं, वॅट नंतर बघू. पहिला प्रश्न हा, की टेबलाखालून निघून तो हातात यायला किती वेळ लागतो?

कारण सांगतो. जेवणाच्या टेबलाची अख्खी फळी उचलून राऊटरवर फिरवता येत नाही. तिथे राऊटरच फळीवर न्यावा लागतो. उलट वीतभर पट्टीवर राऊटर धड टेकतही नाही. ती टेबलावर, लाकडी ढकलपट्टीने सरकवायची. ही अदलाबदल करायला अर्धा तास लागत असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी दमलेला माणूस म्हणतो, "जाऊ दे, एवढं एकच तसंच उरकू." बोटं जातात ती या 'जाऊ दे'पायीच.

आता प्रकार बघू. फिक्स्ड बेसचा राऊटर एका खोलीवर पक्का बसतो, म्हणून टेबलाखाली शहाण्यासारखा वागतो. प्लंज राऊटर स्प्रिंगवर खाली-वर होतो. फळीच्या मधोमध खोबण सुरू करायची तर तोच हवा. पण टेबलाखाली उलटा टांगला की तीच स्प्रिंग उंची लावताना आपल्याशी भांडते. मधला मार्ग म्हणजे एक मोटर आणि दोन बेस. एक बेस टेबलाला कायमचा, दुसरा हातासाठी. मोटर तेवढी काढायची-घालायची. बॉशचा १६०० वॅटचा जीएमएफ १६०० सीई या जातीचा. ट्रायटनचा २४०० वॅटचा टीआरए००१ प्लंजच आहे, पण टेबल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला. त्याची स्प्रिंग मोकळी करता येते आणि उंची टेबलावरूनच हँडलने फिरवून लावता येते. माकिताचा २१०० वॅटचा आरपी२३०१एफसी हातात झकास, टेबलासाठी मात्र वेगळी सोय करावी लागते. ७१० वॅटचा लहान ट्रिमर कडांना गोलाई देण्यापुरता ठीक. त्याच्याकडून दाराच्या चौकटी करून घ्यायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट वेगाची. ६ मिमीचं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरलं, तर त्याची धार ताशी सुमारे २५ किलोमीटरने जाते, म्हणजे सायकलच. त्याच फेऱ्यांवर ७५ मिमीचं बिट लावलं की धार ताशी ३१० किलोमीटरवर जाते! इथल्या एक्स्प्रेसवेवरसुद्धा १२० ची मर्यादा आहे. म्हणून मोठ्या बिटाला वेग १०-१२ हजारांवर आणता आलाच पाहिजे. वेग कमी करण्याची सोय नसलेला राऊटर फुकट मिळाला तरी टेबलाखाली लावू नये.

तिसरी गोष्ट कॉलेटची, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्याची. अर्धा इंची घ्या. दांड्याची जाडी दुप्पट झाली की ताठरपणा १६ पट होतो, आणि थरथर कमी झाली की कापही साफ येतो. मात्र अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, १२ नव्हे. आणि पाव इंच म्हणजे ६.३५, ६ नव्हे. ६ मिमीचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये 'बसला' असं वाटतं, पण तो पकडलेला नसतो. बिट बदलताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

अमेरिकेतला भाऊ स्वस्तात आणून देतो म्हणाला, तर त्याला चिवडा द्या आणि नको म्हणा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २४०. त्याला दोन हजार वॅटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो राऊटरपेक्षा जड. इथे घेतलेलं यंत्र उद्या कायमचं पुण्याला किंवा रत्नागिरीला नेलं, तरी फक्त प्लग बदलावा लागेल.

बिटं कार्बाइडच्या धारेची घ्या. सागवानात सिलिका असते, साध्या पोलादाची धार ती लवकर खाते. साल्मियाच्या सायंटिफिक सेंटरजवळ 'फतेह अल-खैर' हे १९३८ चं जहाज ठेवलंय. अशी जहाजं इथल्या कारागिरांनी मलबारच्या सागवानातून हातच्या हत्यारांनी उभी केली. त्यांना धार लावत किती वेळ बसावं लागलं असेल याचा विचार केला, की दोन दिनार जास्त जड वाटत नाहीत.

दिशा पाठच करून ठेवा. राऊटर हातात असेल तर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट फिरायचं. टेबलावर बिट उलटं असतं, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं. याच्या उलट गेलात तर बिट लाकूड हिसकावून घेतं.

चष्मा, मास्क आणि कानांवर मफ हे तिन्ही हवेतच. व्हॅक्यूमची नळी जोडा, नाहीतर तोझ आधीच आणून टाकतो त्या धुळीत आपली भर. आणि दुपारी शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी सुरू करू नका, हारिस दारात उभा राहील.

थोडक्यात, टेबलावरून पाच मिनिटांत हातात येणारा, वेग कमी करता येणारा, अर्धा इंची, २४० व्होल्टचा. एवढं जमलं की मग रंग आणि कंपनी तुमच्या आवडीची.

पुढच्या अंकात याच राऊटरने देव्हारा करू. कुवेतच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली फळी कोकणातल्या पावसाळ्यात फुगते, तेव्हा खोबणीत किती जागा सोडायची, तेही पाहू.