दुसऱ्या दिवशीची सभा

लोकशाहीत तलवारीची जागा शब्द घेतो, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु शब्दानेही माणसे मारली जातात आणि शब्दानेच ती वाचतात. प्राचीन ग्रीस देशातील अथेन्स नगराने याचा अनुभव अवघ्या दोन दिवसांत घेतला.

अथेन्समध्ये त्या काळी राजा नव्हता. नागरिक प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्या आभाळाखाली सभेस जमत. ज्यास बोलावयाचे असे तो पुढे येई आणि शेवटी हात वर करून निर्णय होई. स्त्रियांना व गुलामांना तेथे स्थान नव्हते. त्या लोकशाहीचे हे मोठेच उणेपण होय. इ. स. पू. ४२८ मध्ये, स्पार्टाशी युद्ध चालू असताना, लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या मित्रनगराने अथेन्सविरुद्ध बंड केले. पुढील वर्षी ते शरण आले. संतप्त सभेने ठरविले, की तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकावीत. हा हुकूम घेऊन एक जहाज रवाना झाले.

रात्र सरली, तसा राग ओसरला. काही पुढाऱ्यांच्या अपराधासाठी सारे नगर मारावयाचे, हे क्रौर्य लोकांच्या मनाला टोचू लागले. दुसऱ्याच दिवशी सभा पुन्हा भरली. त्या दिवशीची दोन भाषणे इतिहासकार थ्युसिडिडीज याने नोंदविली आहेत. ती शब्दशः नसतील. परंतु दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांतून स्पष्ट कळते.

पहिले भाषण क्लिऑन याचे. आदल्या दिवशीचा ठराव त्यानेच मंजूर करून घेतला होता. तो म्हणाला, की आज केलेला निर्णय उद्या बदलणाऱ्यांना राज्य चालविता येत नाही. अथेन्सचे लोक भाषणे ऐकावयास येतात ते तमाशा पाहावयास आल्यासारखे. चतुर बोलणाऱ्यांपेक्षा साधी माणसेच राज्य नीट सांभाळतात. यात सत्याचा अंश नव्हता असे नाही. टाळ्या वाजविण्यात रमलेला श्रोता विचार करीत नाही, हे कोणत्याही काळी खरेच. पण गंमत अशी, की वक्तृत्वाची निंदा करणारे हे भाषण स्वतः अतिशय कौशल्याने रचलेले होते! भाषणांना भुलू नका असे जो भाषण करूनच सांगतो, त्याचे बोलणे श्रोत्याने अधिकच पारखून घ्यावे.

त्याला उत्तर दिले डायोडोटस याने. घाई आणि संताप हे सुविचाराचे वैरी आहेत, असे त्याने प्रारंभीच सांगितले. ज्या नगरात प्रत्येक वक्त्यावर लाच खाल्ल्याचा संशय घेतला जातो, तेथे प्रामाणिक मनुष्यही मोकळेपणाने सल्ला देत नाही, ही त्याची तक्रार होती. नंतर तो मूळ मुद्द्याकडे वळला. शरण येणारा आणि शेवटपर्यंत लढणारा या दोघांनाही मरणच मिळणार असेल, तर यापुढे कोणते बंडखोर नगर शरण येईल? नगरोनगरीचे सामान्य लोक अथेन्सला अनुकूल आहेत. त्यांनाच मारले तर मित्र कोण उरेल? दयेची याचना त्याने मुळीच केली नाही, अथेन्सच्या हिताचाच हिशेब मांडला. न्यायाची गोष्ट लाभाच्या भाषेत सांगावी लागली, याचे वाईट वाटते खरे. परंतु रागावलेल्या समुदायापुढे कोणता युक्तिवाद टिकेल, हे त्याने अचूक ओळखले होते.

हात वर झाले. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरल्या. डायोडोटसचा पक्ष थोडक्यात जिंकला.

सभा तीच होती, माणसेही बहुतेक तीच. फरक पडला तो एका रात्रीचा आणि दुसरी बाजू पुन्हा ऐकून घेण्याचा. क्लिऑनचे तोंड कोणी बंद केले नाही. तशी आवश्यकताही नव्हती. भारताच्या संसदेत प्रत्येक सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात, आणि सर्वसाधारण विधेयक राष्ट्रपती पुनर्विचारासाठी परतही पाठवू शकतात. ही पद्धत वेळखाऊ आहे, अशी कुरकुर कधी कधी ऐकू येते. कुरकुर करणाऱ्यांनी मिटिलीनीकडे निघालेल्या त्या पहिल्या जहाजाची आठवण ठेवावी.

कारण ते जहाज अजून समुद्रात होते. सुमारे एक दिवस आणि एक रात्र ते पुढे निघून गेले होते. दुसरे जहाज तातडीने सोडण्यात आले. मिटिलीनीच्या वकिलांनी खलाशांना मद्य व सातूचे पीठ पुरविले आणि वेळेवर पोहोचल्यास मोठे बक्षीस कबूल केले. वल्ही न थांबविता ते मद्यात व तेलात कालविलेले पीठ खात आणि पाळीपाळीने झोपत. सुदैवाने वारा उलटा नव्हता. पुढचे जहाजही सावकाश चालले होते. असला हुकूम पोहोचविण्याची कोणास घाई असणार? तरीही ते आधी पोहोचले. सेनापती पॅकीज याने हुकूम वाचला, अंमलबजावणीची तयारी चालविली, आणि तेवढ्यात दुसरे जहाज बंदरात शिरले.

नगर वाचले. बंडाचे पुढारी म्हणून पकडलेल्यांना मात्र क्लिऑनच्याच सूचनेवरून ठार करण्यात आले. त्यांची संख्या हजारावर होती, असे थ्युसिडिडीज लिहितो. डायोडोटसचे नाव त्याच्या इतिहासात पुन्हा कोठेही येत नाही.